एक्सरे नॉर्मल आला, तरी पाय दुखतोय

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची आहे, गाव बार्शीकडचं. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून पोलीस भरतीची तयारी करतेय. सकाळी पाचला ग्राउंड, मग रात्रीपर्यंत अभ्यासिका. जेवण मेसचं दोन वेळ, सकाळी चहा-बिस्किट. दिवाळीनंतर नवीन ॲकॅडमी लावली, तिथे सरांनी एकदम पळणं वाढवलं. रोज रोडवर ५-६ किमी, आठवड्यातून तीनदा ट्रॅकवर स्पाइक्स घालून रिपिटेशन, मंगळवारी पर्वती, रविवारी सिंहगड. महिनाभर भारी वाटलं, ८०० मीटरचं टायमिंग पण खाली आलं. आता तीन आठवडे झाले, डाव्या पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे दुखतंय. आधी पळताना दुखायचं, आता चालताना पण, आणि थोडी सूज आहे. दुखायला लागल्यावर चौथ्या दिवशी एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले काही नाही, मुरगळलं असेल, गोळ्या दिल्या. गोळी घेतली की पळता येतं. सर म्हणतात शिरेचं आहे, पळून पळून मोकळं होईल, एवढी नाजूक असशील तर पोलिसात कशाला जातेस. ग्राउंडची, म्हणजे मैदानी परीक्षेची, तारीख कधीही लागेल, थांबले तर टायमिंग जाईल. काय करू? रूममेटची नडगी दुखते, ते पण हेच का? (बाकी तब्येत ठीक. उंची १५८, वजन ५१ वरून ४६ झालंय, चार-पाच महिने पाळी आली नाही पण सर म्हणाले प्रॅक्टिसमुळे होतं तसं.)

उत्तर:

उद्यापासून पळणं बंद. पर्वती बंद, सिंहगड बंद, दोरीवरच्या उड्या पण बंद, आणि गोळी खाऊन पळणं तर आज रात्रीपासूनच बंद. घाईत असशील तर एवढंच वाच आणि डॉक्टरकडे जा, बाकीचं रात्री वाचलंस तरी चालेल.

पत्रावरून निदान होत नाही हे मला माहितीये. पण ट्रेनिंग एकदम वाढलं, मग महिनाभर मस्त गेलं, मग एकाच जागी दुखायला लागलं, आधी फक्त पळताना आणि आता साधं चालताना, वर थोडी सूज, हे ऐकल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून हाडाला गेलेली बारीक चीर, सोडून दुसरं काही माझ्या डोक्यात आधी येतच नाही. तसं नाहीये हे कुणीतरी तपासून सांगेपर्यंत तेच आहे असं धरून वागायचं. स्वतः एवढं बघ, कॉटवर बस आणि दुसऱ्या बोटाच्या मागचं जे लांब हाड आहे ना, ते पायाच्या वरच्या बाजूने बोटाच्या टोकाने चाचपत घोट्याच्या दिशेने जा. एकाच ठिकाणी, बोटाखाली मावेल एवढ्याच जागेत, एकदम कळ आली आणि आजूबाजूला काहीच नाही तर ते हाडाचं दुखणं असायची शक्यता खूप जास्त. एका पायावर उड्या मारून बघा अशी एक टेस्ट व्हिडिओंमध्ये दाखवतात, ती प्लीज करू नकोस, अर्धवट चीर असेल तर तीच पूर्ण होईल.

आता एक्सरे. नॉर्मल एक्सरे म्हणजे नॉर्मल हाड असं अजिबात नाही, मला तर वाटतं हे वाक्य प्रत्येक ॲकॅडमीच्या भिंतीवर लिहून ठेवावं. चीर सुरुवातीला इतकी बारीक असते की एक्सरेत पकडताच येत नाही, तिच्याभोवती नवीन हाड धरायला लागलं की मग तिथे धूसर गाठीसारखं काहीतरी दिसतं आणि त्याला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तुझा एक्सरे चौथ्या दिवशीचा आहे, त्यात दिसलं असतं तरच नवल. म्हणून तो डॉक्टर चुकला असं मी म्हणणार नाही, पण दुखणं वाढल्यावर परत जाऊन "अजून दुखतंय, वाढलंय" हे तू सांगायला हवं होतंस. आता परत एक्सरे काढ, आणि तरी शंका राहिली तर एमआरआय, त्यात हाडाच्या आतली सूज सुद्धा दिसते आणि ती फार लवकर दिसते. एमआरआय महाग पडतो माहितीये, आणि प्रत्येकाला तो लागतोच असं पण नाही, जागा आणि लक्षणं अगदी टिपिकल असतील तर बरेच डॉक्टर सरळ फ्रॅक्चर धरून ट्रीटमेंट चालू करतात. खाजगीत परवडत नसेल तर ससूनला हाडांची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ, अर्धा दिवस जाईल पण जाऊ दे. एक दिवस अभ्यासिका बुडाली म्हणून काही होत नाही.

तुला गंमत वाटेल, पण हा आजार आधी तुझ्यासारख्या भरतीवाल्यांमध्येच सापडला. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लिहून ठेवलंय की लांब लांब मार्च करून आलेल्या सैनिकांचे पाय वरून सुजतात आणि दुखतात. तेव्हा एक्सरेच नव्हता, तो आला १८९५ मध्ये, आणि त्यानंतर दोनच वर्षांत सैनिकांच्या पायाचे फोटो काढल्यावर कळलं की आत हाडाला चीर आहे. अजूनही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. त्यामुळे "नाजूक असशील तर पोलिसात कशाला" हे तुझ्या सरांचं बोलणं मनावर घेऊ नको, चांगले तगडे सैनिक याच हाडामुळे खाली बसलेत.

मग असं होतं कशाने? पडली नाहीस, मुरगळलं नाही, तरी हाड कसं मोडतं हा प्रश्न सगळेच विचारतात. हाड जिवंत असतं, त्यावर नवा भार आला की ते स्वतःला नव्याने बांधतं, पण त्याची पद्धत आपल्या पुण्यातल्या रस्त्यासारखी आहे, आधी उकरून ठेवायचं आणि भरायचं काम मागून सावकाश. उकरणाऱ्या पेशी भराभर काम करतात, भरणाऱ्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे ट्रेनिंग वाढवल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा कमकुवत असतं, आणि नेमकं तेव्हाच दम वाढलेला असतो, स्नायू तयार झालेले असतात, टायमिंग खाली आलेलं असतं म्हणून आपण अजून जोर लावतो. तुझा तो "महिनाभर भारी वाटलं" वाला महिना हाच. त्यात दुसऱ्या बोटामागचं हाड बहुतेकांचं लांब असतं आणि मागच्या टोकाला घट्ट अडकलेलं, शेजारच्या अंगठ्याच्या हाडासारखं ते हलत नाही, आणि स्पाइक्समध्ये तर आपण सगळे चवड्यावरच पळतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला तेच वाकतं.

रोड, स्पाइक्स, चढ, उतार, यातलं एकेक काही वाईट नाही. सगळं एकाच आठवड्यात चालू केलं हे वाईट. बुटांबद्दल पण मला रोज कुणीतरी विचारतं, दहा हजाराचा बूट घेऊ का वगैरे. झिजलेला बूट बदल नक्की, पण बुटाने हे झालं नाही आणि बुटाने जाणार पण नाही.

आता जागेबद्दल, कारण जागेवर सगळं ठरतं. दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागच्या हाडाच्या मधल्या भागातली चीर असेल तर नशीब चांगलं म्हणायचं, ती जवळजवळ नेहमी नुसत्या विश्रांतीने भरते. पण दुखणं त्याच हाडाच्या एकदम मागच्या टोकाला असेल, किंवा घोट्याच्या समोर पायाच्या उंचवट्यावर असेल (तिथे नॅव्हिक्युलर नावाचं हाड आहे), किंवा करंगळीच्या बाजूला बाहेरच्या कडेला, किंवा अंगठ्याच्या खाली चवड्यात, तर त्या जागा हट्टी आहेत, रक्तपुरवठा कमी किंवा ताण जास्त, तिथे कधी सहा-सहा आठवडे पाय अजिबात न टेकवता प्लास्टर, कधी स्क्रू. नॅव्हिक्युलरचं तर नावच काढू नका. बास्केटबॉलचा याओ मिंग, साडेसात फुटी माणूस, जगातले सगळे डॉक्टर हाताशी असताना डाव्या पायाच्या फ्रॅक्चरनी पुन्हा पुन्हा बाहेर बसला आणि २०११ मध्ये तिशीतच रिटायर झाला. म्हणून "पाय दुखतोय" एवढंच सांगून गोळ्या आणायच्या नाहीत, बोट ठेवून नेमकी जागा दाखवायची आणि डॉक्टरला म्हणायचं इथे दाबून बघा. ट्रेनिंग किती होतं आणि कधी वाढवलं हे पण सांग, तू सांगितलं नाहीस तर गर्दीत कुणी विचारत नाही.

आणि आता तो तुझा कंस. सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या कंसाची वाटली आणि तू तो शेवटी, रूममेटच्या नडगीच्या पण नंतर टाकलायस!

पाच किलो वजन गेलं आणि पाळी गेली. १५८ उंचीला ४६ किलो म्हणजे बीएमआय १८.५ च्या खाली येतो, आणि त्यात तू रोज पळतेयस. सकाळी पाचला चहा-बिस्किट, मग तास-दीड तास पळणं, मग थेट मेसची वेळ होईपर्यंत काही नाही, मग तीन पोळ्या, भाजी आणि पातळ वरण. शरीर काय करणार, जे खर्च टाळता येतात ते टाळतं. पाळी हा टाळता येणारा खर्च आहे. ती थांबली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाड भरायचं काम तर त्याच्याच भरवशावर चाललेलं असतं. म्हणजे एकीकडे तू हाडावर भार वाढवलास आणि दुसरीकडे दुरुस्तीचं बजेट कापलंस. ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या प्रकाराला रेड-एस असं नाव दिलं, खेळाडूला लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा मिळणं असा त्याचा साधारण अर्थ, आणि मुलांना पण होतं बरं का, फक्त त्यांची पाळी जात नाही म्हणून कळत नाही.

सर म्हणाले "प्रॅक्टिसमुळे होतं तसं". होतं, खरंय. पण होतं म्हणून चालतं असं नाही. काही ग्राउंडवर तर पाळी बंद झाली म्हणजे मुलगी आता फिट झाली असं बोलतात, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तीन महिने पाळी आली नाही की स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं, तुला ते उलटून गेलेत. त्या थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओडी वगैरे बघतील, प्रेग्नन्सी टेस्ट पण करायला सांगतील, त्याचा राग मानू नको, ती सगळ्यांचीच करतात. आणि पाळी आणायच्या गोळ्या दिल्या तर एवढं नक्की विचार की मूळ कारण काय, कारण गोळीने महिन्याला रक्तस्राव होईल आणि तुला वाटेल सगळं ठीक झालं, पण खाणं तेवढंच राहिलं तर हाडाला त्याचा काही उपयोग नाही.

खाण्याचं सांगते, आणि मला माहितीये तुझ्याकडे गॅस नाही, किचन नाही, महिन्याचं बजेट ठरलेलं आहे. निघायच्या आधी एक केळं किंवा चार खजूर. परत आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दूध, दोन उकडलेली अंडी खात असशील तर अंडी, नसशील तर मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि गूळ. अभ्यासिकेत डबा ठेव, चार वाजता तीळ-शेंगदाण्याचा लाडू. मेसमध्ये एक पोळी जास्त घे आणि दह्याची वाटी वेगळी लाव. पळणं बंद आहे म्हणून खाणं कमी करायचं नाही, भरतीच्या मुली हमखास हेच करतात, हाड भरायला उलट जास्त लागतं. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम हवं असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, मोठ्या ग्लासभर दुधात साधारण ३०० येतं, नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. तुमच्या बार्शीकडची ज्वारी मला पण जीव की प्राण आहे पण कॅल्शियममध्ये ती नाचणीच्या जवळपास पण येत नाही, त्यामुळे घरून पुढच्या वेळी नाचणीचे लाडूच मागव.

व्हिटॅमिन डी तपासून घे, सोबत हिमोग्लोबिन. तू अंधारात पळतेस आणि उजाडल्यावर ट्यूबलाइटखाली बसतेस, कमी निघालं तर आश्चर्य नाही. फक्त मेडिकलमधून मनाने व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी आणून महिनोन्‌महिने खात बसू नको, रिपोर्ट बघून डॉक्टर किती सांगतील तेवढंच.

गोळीबद्दल वर म्हटलंच. दुखणं हा एकच अलार्म आहे आपल्याकडे आणि तू तो बंद करून पळतेयस. शिवाय दाहशामक गोळ्या रोज घेतल्याने हाड भरायला उशीर होऊ शकतो अशी शंका आहे, म्हणून अगदी लागलीच तर साधी पॅरासिटामॉल, ती पण बसून राहण्यासाठी. कुणी इंजेक्शन मारून ग्राउंड देऊन टाक म्हणालं तर नाही म्हण. कुणाकडूनही ती जागा चोळून घेऊ नको, गावाकडच्या हाडवैद्याकडून पण नाही.

वेळ किती जाईल? मधल्या भागातली साधी चीर असेल तर सहा ते आठ आठवडे. सुरुवातीला कडक तळव्याचा बूट किंवा वॉकर बूट, चालताना पण दुखत असेल तर काही दिवस कुबड्या, साधा नियम असा की चालताना दुखायला नको. आणि या काळात तू रिकामी नाहीयेस. ग्राउंड ५० मार्कांचं आहे, ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५, म्हणजे गोळा शंभर मीटरच्या बरोबरीने मोजतात आणि तरी सगळ्या मुली तो शेवटच्या पंधरा दिवसांत उचलतात. खुर्चीत बसून खांदा, दंड, पाठ, पोट यांचे व्यायाम आत्ताच चालू कर, बसून चार किलोचा गोळा ढकलायची प्रॅक्टिस पण होते. दम टिकवायला जिमची उभी सायकल, चवडा नाही तर पायाचा मधला भाग पेडलवर, दुखत नसेल तरच, आणि त्यात तीन मिनिटं जोरात दोन मिनिटं हळू असं कर, ८०० चं इंजिन बऱ्यापैकी तसंच राहतं. पोहता येत असेल तर टिळक टँक आहे, खोल पाण्यात पट्टा बांधून पळतात तो प्रकार तर फारच भारी, पण येत नसेल तर यासाठी म्हणून शिकायला जाऊ नको आत्ता.

परत पळणं कधी? दाबल्यावर कळ नाही आणि अर्धा-पाऊण तास भरभर चालून त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काही नाही, असं निदान आठवडाभर झालं आणि डॉक्टर हो म्हणाले की. मग एक मिनिट हळू पळ, दोन मिनिटं चाल, असं अर्धा तास, एक दिवस आड, मातीच्या ग्राउंडवर. पुढे हळूहळू पळणं वाढव चालणं कमी कर, पण एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, अंतर वाढवलं तर स्पीड नाही, स्पीड वाढवला तर अंतर नाही. ट्रॅक नंतर, १०० मीटरचे स्प्रिंट त्याच्या नंतर, स्पाइक्स सगळ्यात शेवटी. सिंहगड मला विचारशील तर भरती होईपर्यंत लागतच नाही, ८०० मीटरच्या मुलीला दर रविवारी गड कशासाठी हे मला आजपर्यंत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही, पिठलं-भाकरी खायला जा हवं तर, वरपर्यंत गाडी जाते.

तारीख मधेच लागली तर? खोटं बोलत नाही, अवघड आहे. तीन-चार आठवड्यांनी लागली आणि हाड भरलं नसेल तर ही भरती हातची जाऊ शकते. पण आत्ता पळत राहिलीस तर चीर आरपार जाईल, मग बारा आठवडे, कदाचित ऑपरेशन, आणि तारीख दोन महिन्यांनी लागली तरी तू नाहीस. आणि समज कशीबशी निघून गेलीस, तर पुढे ट्रेनिंग सेंटरला रोज परेड आणि पळणं आहेच, तेच हाड, तेवढंच खाणं.

सरांशी वाद घालू नको, डॉक्टरांचा कागद दाखव आणि सांग की एवढे आठवडे मी गोळा आणि सायकल करणार. ऐकणारे सर असतील तर त्यांनाच परतीचा प्लॅन बनवायला लाव. नाहीच ऐकलं तर फी बुडाली तरी चालेल, ग्राउंड बदल, सणसपासून तळजाईपर्यंत पुण्यात पळणाऱ्यांना जागा कमी नाहीत.

रूममेटचं: नडगीच्या आतल्या कडेला खालच्या भागात वीतभर पट्टा दुखत असेल आणि पळायला लागल्यावर थोडं कमी होत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, पळणं निम्मं करून पोटऱ्यांचे व्यायाम केले की बऱ्याचदा जातं. बोटाएवढ्या एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, किंवा नडगीच्या अगदी समोरच्या धारेवर मधोमध असेल तर तिलाही तुझ्यासोबतच ससूनला ने, समोरच्या धारेची चीर तुझ्या चिरेपेक्षा जास्त त्रास देते. आणि तिला पाळीचं विचार, ती पण तीच मेस खाते ना?